पावनखिंडीच्या वाटेवरची घरं



आषाढ जवळ आला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. कधी पुतण्या, कधी पुण्यातली भाची, कधी एखादा जुना विद्यार्थी, जो आता स्वतः दोन मुलांचा बाप आहे. "बाई, यंदा पोरांना घेऊन पन्हाळा ते पावनखिंड चालायचं म्हणतोय. किती तास लागतात? बूट कसले घेऊ? जळवा असतात का?" मी आपली माहिती देते. एकोणीसशे एकोणऐंशीपासून २००० पर्यंत शाळेच्या मुलांबरोबर ही वाट बहुतेक दरवर्षी चालले आहे, त्यामुळे ही उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. पण एक प्रश्न मला अजून कोणीही विचारलेला नाही, तो म्हणजे त्या वाटेवर राहतं कोण? आजचं लिखाण त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समजा.

आधी थोडी उजळणी. (शिक्षकाची सवय, जात नाही!) १६६० सालच्या मार्च महिन्यात सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. त्याच्या बरोबर अफझलखानाचा मुलगा फाझलखानही होता. शिवाजीमहाराज गडावर अडकले. चार महिने गेले, पाऊस सुरू झाला तरी वेढा ढिला होईना. अखेर १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमाराला, महाराज निवडक लोकांनिशी गड उतरले. दोन पालख्या निघाल्या. एका पालखीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशिद होता, तो पकडला गेला आणि मारला गेला. दुसरी पालखी बांदलांच्या मावळ्यांनी विशाळगडाकडे पळवली. पाठलाग सुरू झाला तेव्हा बाजीप्रभू देशपांडे निम्मे लोक घेऊन घोडखिंडीत उभे राहिले आणि महाराज पुढे गेले. विशाळगडालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता, तो फोडून महाराज गडावर पोचले. खिंडीत बाजीप्रभू पडले. त्या घोडखिंडीला आपण आता पावनखिंड म्हणतो.

चौथीच्या पुस्तकात ही गोष्ट दोन-तीन पानांत संपते. वर्गात शिकवायला पाऊण तास पुरतो. पायाने शिकायची तर मुलांच्या चालीने तीन दिवस लागतात. पन्हाळा ते विशाळगड हे अंतर साधारण ६० ते ६५ किलोमीटर आहे. पन्हाळा उतरायचा, म्हाळुंग्यावरून मसाईच्या पठारावर चढायचं. हे पठार इतकं मोठं आहे की धुक्यात शिरलं की पुढचा माणूस दिसत नाही. पठार संपलं की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, मग आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पांढरेपाणी आणि पुढे खिंड. मध्ये जंगल, भाताची खाचरं, लाल चिखल आणि मोजता येणार नाहीत इतके ओढे.

ही नावं पुन्हा एकदा वाचा. वाडी, वाडी, वाडी. आपण त्या वाटेला जंगलातली वाट म्हणतो, पण ती जंगलापेक्षा जास्त वाड्यांमधून जाते. एका वस्तीपासून दुसऱ्या वस्तीपर्यंत माणसांनी, गुरांनी, लग्नाच्या वऱ्हाडांनी, बाजाराला निघालेल्या बायांनी मळलेली ती पाऊलवाट आहे. घरं आहेत म्हणून ती वाट आहे.

आता जरा त्या रात्रीकडे बघू. ज्याने पहिल्यांदा जीव दिला तो शिवा काशिद पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा, म्हणजे याच मातीतला. उलट बांदलांचे मावळे हिरडस मावळातले, भोरकडचे. डोंगरात वाढलेले, काटक, हे खरं. पण हा डोंगर त्यांचा नव्हे. भर पावसात, रात्रीच्या वेळी, पालखी खांद्यावर घेऊन ६०० माणसं अनोळखी डोंगरातून जातात, तेव्हा कुठला ओढा कुठे उतरायचा हे सांगणारं कोणीतरी लागतंच. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, बावीस वर्षं ओढे उतरून सांगते. मसाईच्या पठारावर दिवसाउजेडीसुद्धा आम्हाला वाट दाखवायला कोणीतरी गुराखी लागायचा. डोक्यावर इरलं घेतलेलं दहा वर्षांचं पोर आमच्या पुढे चालायचं आणि त्याच्या मागे आम्ही चार शिक्षक आणि चाळीस मुलं!

शाळेची ही पदयात्रा आमच्या इतिहासाच्या सरांनी सुरू केली. मी तेव्हा नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती, मराठी शिकवत होते. मुलींना न्यायचं तर एक बाई बरोबर हवी, म्हणून सरांनी मला विचारलं. आईबापांचं म्हणणं एकच, बाई असतील तर पाठवतो. त्या वर्षी बेचाळीस मुलं होती, त्यातल्या अकरा मुली, सगळी सातवी-आठवीची. बूट कोणाकडेच नव्हते. पायात चपला, नाहीतर काहीच नाही. पावसासाठी पोत्याची खोळ किंवा खताच्या पिशवीचा कागद.

निघण्याआधी आठवडाभर सरांनी एक पत्र वर्गात वाचून समजावलं. महाराजांचं, राज्याभिषेकाच्या सुमाराचं. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं. बऱ्याच जणांना ते माहीत असेल. त्याचा मथितार्थ असा. पावसाळा तोंडावर आहे, छावणीतलं दाणागवत जपून वापरा. आत्ताच उधळलंत तर ऐन पावसात संपेल, घोडी मरतील आणि मग तुम्ही आसपासच्या गावांना त्रास द्यायला लागाल. कुणब्याच्या घरातून दाणे, भाकरी, गवत, जळण, भाजीपाला उचलून आणाल. मग जे कुणबी कसेबसे तग धरून आहेत तेही गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. तुम्हाला पैसे दिलेले आहेत, जे हवं ते बाजारातून विकत घ्या. शेवटी विस्तवाची ताकीद आहे. आगट्या पेटवू नका, गवताजवळ चिलीम ओढू नका, रात्री दिवे विझवा, कारण उंदीर जळती वात पळवतो आणि गंज्या पेटतात.

शिक्षक म्हणून मी हे पत्र आधीही वाचलं होतं. राजा केवढा बारकाईने विचार करतो, एवढंच त्यातून मुलांना सांगत असे. सर मात्र ते वेगळ्याच कारणासाठी वाचत होते. ते मुलांना म्हणाले, "आपण बेचाळीस जण आहोत. एका वाडीत दहा-बारा घरं. बेचाळीस जण एकदम आले की ती वाडीच्या दृष्टीने छावणीच असते. तेव्हा हे पत्र आपल्याला लिहिलंय असं समजायचं."

आणि त्या पत्रातूनच त्यांनी आमचे नियम काढले. प्रत्येकाने घरून दीड किलो तांदूळ आणि पावशेर डाळ आणायची आणि मुक्कामाच्या घरी पोचल्या पोचल्या, काही मागायच्या आधी, ती घरच्या बाईच्या हातात द्यायची. परड्यातली काकडी, दोडका, मिरची तोडायची नाही. माळ्यावर गवत असतं, तिथे झोपायला मिळालं तर कंदील, मेणबत्ती, काडेपेटी खाली ठेवून जायचं. जेवायला घरची मुलं बसल्याशिवाय आपण बसायचं नाही. हा शेवटचा नियम सरांचा स्वतःचा, पण मला तो त्या पत्राचाच पुढचा ओळीतला वाटत आला आहे.

जुलैमध्ये त्या वाड्यांची काय अवस्था असते ते शहरातल्या माणसाला सहज लक्षात येत नाही. आपल्याला हिरवंगार दिसतं, धबधबे दिसतात. त्या घरांसाठी हा वर्षातला सगळ्यात ओढीचा महिना. तरवा उपटून भाताची लावण चाललेली असते. घरातलं धडधाकट माणूस दिवस उजाडल्यापासून गुडघाभर चिखलात असतं. मागच्या वर्षीचं भात आणि नाचणी तळाला गेलेली असते आणि नवं पीक दिवाळीच्या तोंडाला. गुरं गोठ्यात, माणसं चुलीशी, आणि सबंध चार महिन्यांचं जळण उन्हाळ्यात गोळा करून पडवीत रचलेलं. पावसात वाळकं जळण कुठूनही मिळत नाही. संपलं की संपलं.

अशा महिन्यात संध्याकाळी सहा वाजता बेचाळीस भिजलेली पोरं दारात उभी राहतात.

पहिल्या वर्षीचं ते घर करपेवाडीच्या पुढच्या एका वस्तीवरचं. आम्ही खरं तर वाडीच्या शाळेत उतरणार होतो, पण तिचं छप्पर गळत होतं. घरातल्या आज्जी सोप्यावर आल्या, आमच्याकडे बघितलं आणि आत ओरडल्या, "अगं, पोरं पार गारठल्यात. वैलावर पाणी चढीव." मग आमच्याकडे वळून, "आत या की बाई. दारात काय हुबं ऱ्हायलाय?" बस्स, एवढंच. कोण, कुठले, कशाला आलात, हे सगळं जेवणं झाल्यावर.

त्या रात्री आज्जींच्या घरी वीस मुलं, शेजारच्या दोन घरांत बाकीची. आम्ही दिलेल्या तांदळाचा भात झाला. पण त्याआधी हुलग्याचं गरम माडगं मुलांच्या हातात आलं, ते आमच्या डाळतांदळातलं नव्हतं. नाचणीच्या भाकरी आल्या, त्याही आमच्या नव्हत्या. चुलीभोवती दोऱ्या बांधून बेचाळीस शर्ट आणि फ्रॉक वाळत घातले आणि ते वाळावेत म्हणून आज्जींची सून रात्री उशिरापर्यंत चुलीत लाकडं सारत बसली. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, तांदूळ आपण आणले. हे जळण कुठून परत द्यायचं?"

जेवणं झाल्यावर मुलांनी बाजीप्रभूंचा प्रसंग करून दाखवला. लाकडी तलवारी नव्हत्या, उलथनं आणि रवी घेऊन खिंड लढवली. वाडीतली सगळी माणसं सोप्यावर, अंगणात गर्दी करून बसली होती. प्रसंग संपला, टाळ्या झाल्या. आज्जी मात्र विचारात पडल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, एवढी माणसं रातभर पळाली म्हंता. मग ती जेवली कुठं?"

माझी बी.ए.ची पदवी त्या प्रश्नापुढे अगदीच अपुरी पडली. इतिहासाच्या तासाला मुलं विचारतात ते प्रश्न तलवारीचे असतात. किती माणसं होती, किती मारली, तोफा किती वाजल्या. आज्जींनी विचारलेला प्रश्न यजमानाचा होता. ज्याच्या दारात माणसं येतात त्याला पहिल्यांदा तेच सुचतं. त्या दिवसापासून मी कुठलाही लढाईचा धडा शिकवताना फळ्यावर एक जास्तीचा प्रश्न लिहायला लागले, "ही माणसं जेवली कुठं?" मुलं आधी हसायची. मग हळूहळू त्यांना कळायचं की मोहीम म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे गावं आणि गावं म्हणजे कोणाची तरी चूल. आणि मग ते चिपळूणचं पत्र त्यांना समजायचं. घोडदळाचं धान्य सांभाळा म्हणणारा राजा मुळात त्या चुलीची काळजी करत होता.

जळणाचा प्रश्न सरांनी असा सोडवला. पुढच्या वर्षापासून ते चैत्र-वैशाखात, शाळेच्या परीक्षा संपल्या की, एक फेरी करायचे. ज्या घरी उतरायचं ठरेल तिथे सांगून यायचे आणि लाकूडफाट्याचे पैसे देऊन यायचे, म्हणजे आमच्या वाटणीचं जळण पावसाआधीच पडवीत पडलेलं असेल. पैसे कोणी घेईना. "पाव्हण्याचं पैसं घ्याचं? लोक काय म्हंतील!" मग सरांनी पैसे देणं थांबवलं आणि कोल्हापुरातून सामान न्यायला सुरुवात केली. मीठ, चहापत्ती, रॉकेल, वाडीतल्या मुलांसाठी पाट्या आणि वह्या. एका विद्यार्थ्याचे वडील डॉक्टर होते, ते दोन वर्षं आमच्याबरोबर चालले आणि मुक्कामाच्या संध्याकाळी वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तपासत बसले.

१९८९ च्या जुलैचं सांगायलाच हवं. त्या वर्षी पहिला मुक्काम झाला आणि रात्रभर असा पाऊस लागला की सकाळी ओढ्याचा आवाज घरात ऐकू येत होता. आमची सगळी तयारी झाली, खोळी पांघरून मुलं रांगेत उभी राहिली. घरचे तात्या ओढा बघून आले आणि दाराच्या उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "आज न्हाई सोडनार पोरांस्नी." सर म्हणाले, थोडं थांबून जाऊ. तात्या म्हणाले, "थोडं न्हाई. मी सांगतो तवा." त्यांच्या आवाजात असं काही होतं की आम्ही कोणी पुढे बोललो नाही.

त्या दिवशी दुपारी ओढ्याचं पाणी खाचरांत शिरलं. तात्यांच्या स्वतःच्या शेतातली, दोनच दिवसांपूर्वी लावलेली रोपं वाहून गेली. ते बघून आले, डोक्यावरचं इरलं भिंतीला टेकवलं आणि पोरांना गोष्ट सांगत बसले. आमचा तांदूळ संपला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाचणीची आंबील, संध्याकाळी नाचणीची आंबील. अडतीस मुलं त्या वर्षी होती. तात्यांचा मोठा मुलगा आडवाटेने डांबरी रस्त्याला गेला, मिळेल त्या गाडीने मलकापूर गाठलं आणि तिथून आमच्या शाळेशेजारच्या दुकानात फोन केला, "पोरं सुखरूप हायत, दोन दिस उशीर हुईल." कोल्हापुरात अडतीस घरं त्या एका निरोपावर झोपली. त्याला परत यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. त्याचे गाडीभाड्याचे पैसेसुद्धा त्याने सांगितले नाहीत, सरांनी जबरदस्तीने खिशात घातले.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. तात्या स्वतः पुढे झाले, ओढ्यात उभे राहिले आणि एकेका मुलाला हाताला धरून पलीकडे दिलं. खिंडीत पोचलो तेव्हा मुलांनी नेहमीप्रमाणे बाजीप्रभूंचा जयजयकार केला. आणि मग कोणीही न सांगता तात्यांचाही केला.

परतफेडीचा विचार मी पुढे खूप केला. पाहुणचाराची परतफेड त्याच घरात जाऊन करता येत नाही, तिथे आपण पुन्हा पाहुणेच असतो. ती आपल्या दारात करायची असते. आणि तशी वेळ आली. नव्वदच्या सुमाराला त्याच वस्तीवरच्या एका बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापुरात होतं. त्यांचं इथे कोणी नव्हतं. त्या आणि त्यांची मुलगी आमच्या दोन खोल्यांच्या घरात अकरा दिवस राहिल्या. त्यानंतर रस्ता सुरू झाला तो बंद झालाच नाही. दवाखाना, दाखल्याचं काम, मुलाचं कॉलेज, जे काही असेल ते. एक मुलगा आमच्याच एका विद्यार्थ्याच्या घरी राहून बारावी झाला. आईबापांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. "आमची पोरगी त्यांच्या चुलीशी वाळली, आता त्यांचा पोरगा आमच्याकडे जेवला तर काय बिघडलं?"

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे नवीन नव्हतं. गरीब घरातली कितीतरी मुलं वार लावून जेवून शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोल्हापुरात तर शाहूमहाराजांनी १९०१ पासून पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभारली, आणि खेड्यातली मुलं शहरात राहून शिकू शकली ती त्यामुळे. वाटेवरच्या पोराला जेवू घालणं ही भूतदया आहेच, पण त्याहून मोठं काहीतरी आहे. त्यातून समाज आपली पुढची पिढी एकमेकांच्या भरवशावर सोडतो. आमच्या पदयात्रेत अकरा मुलींचे आईबाप "बाई आहेत" म्हणून निश्चिंत होते. खरं म्हणजे ते त्यांनी कधीही न पाहिलेल्या एका आज्जीच्या भरवशावर निश्चिंत होते.

आता वाट बदलली आहे. बऱ्याच ठिकाणी रस्ते झाले, घरांवर पत्रे आले, तरुण मुलं कामासाठी कोल्हापूर-मुंबईला गेली. जुलैत मोठ्या मोठ्या मोहिमा निघतात, त्यांत शेकडो माणसं असतात, आणि वाडीतले लोक पैसे घेऊन जेवण देतात, राहायची सोय करतात. हे ऐकून आमच्या पिढीतले काही जण हळहळतात, "पूर्वीचा पाहुणचार राहिला नाही हो." मला तसं वाटत नाही. पैसे देऊन जेवणं यात वाईट काय आहे? महाराजांनी तेच तर सांगितलं होतं, हवं ते विकत घ्या! शेकडो माणसांना कुठलीही वाडी फुकट पोसू शकत नाही, आणि तिने पोसावं अशी अपेक्षा करणं ही तर चक्क छावणीची वृत्ती झाली. मला खटकतं ते दुसरंच. जेवणाच्या ताटाचे पैसे देताना घासाघीस करायची आणि ओढ्यात प्लास्टिकच्या बाटल्या टाकून पुढे जायचं. तोंडी घोषणा मात्र महाराजांच्या.

आणि एक गोष्ट लिहू की नको असा विचार चार दिवस केला, पण लिहिते. पावनखिंडीला जुन्या लोकांच्या तोंडी गजापूरची खिंड असंही नाव आहे. गजापूर हे विशाळगडाच्या पायथ्याकडचं गाव. १४ जुलै २०२४ रोजी, म्हणजे बाजीप्रभूंच्या स्मरणाच्या दुसऱ्याच दिवशी, गडावरच्या अतिक्रमणाच्या प्रश्नावरून जमलेल्या गर्दीतल्या लोकांनी त्या गावच्या मुसलमान वस्तीत शिरून घरं, गाड्या आणि मशीद फोडली. अतिक्रमणाचं काय करायचं ते कायदा आणि कोर्ट बघेल, त्यावर मी बोलत नाही. पण त्या वस्तीत एका घरी आम्ही दोनदा चहा घेतला आहे. पाऊस थांबेपर्यंत मुली आत बसल्या होत्या, घरच्या बाईंनी त्यांना डोकं पुसायला स्वतःच्या साडीचे धडपे दिले होते. टीव्हीवर ती फुटलेली कौलं आणि चुलीपुढे विखुरलेली भांडी बघताना मला ते पत्र आठवत राहिलं. स्वतःच्या फौजेने रयतेच्या घराला हात लावला तर तिला मोगल बरे वाटतील, ही भीती ज्याने कागदावर उतरवून ठेवली, त्याच्या नावाच्या घोषणा देत त्याच्याच वाटेवरची घरं फोडायची? वर्गात असते तर हा प्रश्न फळ्यावर लिहिला असता आणि मुलांना उत्तर शोधायला वेळ दिला असता. मुलं बरोबर उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

असो. तर ज्यांनी फोन करून विचारलं आणि जे विचारणार आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. मुलांना जरूर न्या. आठ-नऊ वर्षांचं मूल दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालतं, फक्त आपण घाई करायची नाही. बूट जुने घाला. निघण्याआधी पाऊसपाण्याची आणि गडावर जाण्याच्या सध्याच्या नियमांची चौकशी करा. गावातला माणूस ओढ्याला हात लावू नका म्हणाला तर तिथेच बसा, मग सोमवारची शाळा बुडू दे. ठरलेले पैसे पूर्ण द्या, वर घरच्या पोरांसाठी वह्या न्या. आणि रात्री चुलीशी बसलात की घरच्या बाईंना विचारा, जळण पुरेल ना?

शेवटची विनंती. ज्या घरी उतराल त्या घरातल्या माणसांची नावं मुलांना लिहून ठेवायला सांगा. गडांची नावं, सरदारांची नावं, सनावळ्या सगळ्या छापलेल्या मिळतात. ही नावं आपण लिहिली नाहीत तर कुठेच मिळणार नाहीत. सरांनी पहिल्या वर्षी मला एक शंभर पानी वही दिली होती आणि म्हणाले होते, "हिशेब तुम्ही ठेवा." त्यात तांदूळ, डाळ, रॉकेल यांच्या हिशेबाबरोबर मी प्रत्येक घराचं नाव लिहीत गेले. कोणत्या साली कोणाच्या घरी किती मुलं झोपली, कोणी काय खायला दिलं, कोणाच्या पोराला काय द्यायचं कबूल केलं. सर आता नाहीत. आज्जी तर केव्हाच गेल्या. वही माझ्याकडे आहे. तिच्यात एकतीस घरं आहेत. त्यातल्या नऊ घरांतून अजून दिवाळीला फोन येतो आणि तात्यांचा नातू गेल्या वर्षी लग्नाची पत्रिका द्यायला येऊन गेला. आमच्याकडे दोन दिवस राहिला.